चिखल रोळायची चाळणी : ५०० मायक्रॉन, ८ इंच, पितळी कड

सोलापुरात राहून खाडीच्या चिखलातील प्राणी वेचण्यासाठी चाळणी विकत घेणे हा उद्योग ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतो, आणि ज्या दुकानात मी ती मागितली तिथल्या मालकालाही तो तसाच वाटला. मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांनी नेरीस हा चिखलात राहणारा कृमी पाहिलेला असतो तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत, पिवळट झालेला, लेबलावरची शाई पुसट झालेला; तो जिवंतपणी कुठे राहतो, किती हळूवार पोहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पार्श्वपाद, म्हणजे पायांसारखे अवयव, एकामागून एक कसे हलतात, हे पाहायचे तर रत्नागिरी-नागपूर महामार्गाने सांगोला, मिरज, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरावा लागतो. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरचा हा प्रवास आम्ही आता दरवर्षी करतो. पहिल्या वर्षी घरातली मैद्याची चाळणी घेऊन गेलो होतो. तिची जाळी ओल्या चिखलाच्या वजनाने मध्येच फुगली, तारा सरकून काही भोके मोठी आणि काही बारीक झाली, आणि ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात घेतली गेली नाही हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या वर्षी ठरवून प्रयोगशाळेची, प्रमाणित जाळीची चाळणी घेतली. तिचा तीन सहलींचा अनुभव इथे मांडत आहे.

अशा चाळण्या आपल्याकडे मुख्यतः स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांसाठी विकल्या जातात. वाळूची प्रतवारी, मातीची परीक्षा, सिमेंटचा बारीकपणा या कामांना त्या लागतात, आणि त्यांच्या जाळीची मापे आयएस ४६० या भारतीय मानकाने ठरवून दिलेली आहेत. त्यामुळे दुकानात ६०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ४२५ मायक्रॉन आणि सिमेंटसाठीची ९० मायक्रॉन सहज मिळते. ‘‘सर, सिव्हिलवाले सहाशे नेतात, नाहीतर चारशे पंचवीस. पाचशे कोण मागत नाही बघा. सहाशे घ्या की, काय फरक पडतोय?’’ असे मालक म्हणाले. फरक पडतो, म्हणून मी मागणी नोंदवली आणि तीन आठवडे थांबलो. आठ इंच व्यासाची, पितळी कडेची, आत पोलादी जाळी डाखून बसवलेली चाळणी बाराशे रुपयांच्या आत-बाहेर पडली. झाकण आणि खालचे ताट वेगळे घ्यावे लागते. चिखलाच्या कामाला त्यांचा उपयोग नाही, तेवढे पैसे वाचवावेत.

चाळणी महाविद्यालयात आली त्या दिवशी तिची खरी परीक्षा केली ती आमच्या एका विद्यार्थिनीने. तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. कापडातले धागे मोजायचे त्यांचे घडीचे भिंग, ज्याच्या तळाला एक इंचाची चौकोनी खिडकी असते, ती घेऊन आली आणि जाळीवर ठेवून तिने तारा मोजल्या. इंचाला उभ्या बत्तीस भरल्या, आडव्याही बत्तीस. ‘‘सर, ताणा-बाणा सारखा आहे, पण डब्यावर तर पस्तीस नंबर लिहिलंय,’’ असे ती म्हणाली, आणि तिचा आक्षेप योग्य होता. अमेरिकी मानकात ५०० मायक्रॉनच्या जाळीला ३५ क्रमांक आहे, परंतु हा क्रमांक म्हणजे इंचातील तारांची नेमकी संख्या नव्हे. इंचाचे २५.४ मिलिमीटर बत्तिसांत वाटले तर एका तारेपासून पुढच्या तारेपर्यंत सुमारे ०.७९ मिलिमीटर येतात; त्यातून तारेची जाडी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या जवळपास, वजा केली की उरलेले छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे ठरते. चाळणी बरोबर होती. घेणाऱ्याने क्रमांकावर न जाता मायक्रॉनचे माप विचारावे, एवढे या हिशेबातून कळले. शिवाय सोलापुरात कापड तपासणारे भिंग कोणाच्या तरी घरी असतेच, तेव्हा विकत घेण्यापूर्वी दुकानातच जाळी मोजून पाहायला हरकत नसावी.

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते, ती भाट्याची खाडी. अमावास्येनंतर दोन दिवसांनी, उधाणाच्या ओहोटीला, सकाळी सातच्या सुमारास आम्ही तिथल्या चिखलात उतरलो. पावसाळा संपून दोन-अडीच महिने झाल्यावरच आम्ही जातो, कारण ऐन पावसात नदीच्या पुराने कोकणातल्या खाड्यांचे पाणी जवळजवळ गोडे होते, आणि मिठाच्या पाण्याला सरावलेले बरेचसे प्राणी त्या दिवसांत कमी होतात. ते पुन्हा वाढायला वेळ लागतो. चिखलाचा वरचा पापुद्रा कोवळ्या उन्हात सोनेरी-तपकिरी दिसत होता. तो रंग डायटमचा असतो. हे एकपेशीय जीव ओहोटीच्या वेळी उजेडाकडे वर सरकतात आणि पाणी परतण्याआधी पुन्हा खाली जातात, आणि चिखलावर जगणाऱ्या गोगलगायींपासून खेकड्यांपर्यंत बऱ्याच जणांचे मुख्य अन्न तेच असते. फिडलर खेकडे आमच्या चाहुलीने बिळांत शिरले आणि पाच मिनिटे निश्चल बसल्यावर पुन्हा बाहेर आले. नराचा एक आकडा, म्हणजे नांगी, अवाढव्य, तो नुसता हलवून दाखवण्याचा आणि भांडण्याचा. खायचे काम दुसऱ्या चिमुकल्या आकड्याने. मादीचे दोन्ही आकडे लहान, त्यामुळे ती दोन्ही हातांनी जेवते. चिखल तोंडात घालून त्यातले खाण्याजोगे काढून घेतल्यावर उरलेल्याच्या बारीक गोळ्या ते बाहेर टाकत जातात.

या खेकड्यांचा उल्लेख चाळणीच्या परीक्षणात करण्याचे कारण आहे. ते चाळणीत कधीच सापडत नाहीत. नमुना काढण्यासाठी आपण चिखलात नळी रोवण्याआधीच ते पळालेले असतात. तेव्हा चाळणीत मिळालेल्या संख्येवरून ‘‘इथे खेकडे नाहीत’’ असे वहीत लिहिणारा विद्यार्थी साफ चुकतो. खेकड्यांसाठी चिखलावर चौकट ठेवून तिच्यातली बिळे मोजावी लागतात. हे साधन नेमके काय पकडते आणि काय पकडत नाही, हे विकणारा सांगत नाही आणि माहितीपत्रकातही छापलेले नसते.

पहिली नळी आम्ही दहा सेंटिमीटर व्यासाची आणि पंधरा सेंटिमीटर खोल घेतली. सव्वा लिटरच्या आतला चिखल. मुलांनी पहिल्या झटक्यात तो चाळणीत ओतून बोटांनी दाबायला सुरुवात केली, आणि तिथेच मी त्यांना थांबवले. पीठ जसे चाळतात तसा चिखल चाळायचा नसतो. घरी आजी रोळीत धान्य घेऊन, ती पाण्यात अर्धी बुडवून, मनगटाच्या हलक्या फिरकीने खडे वेगळे करीत असे, तसा तो रोळायचा असतो. चाळणीचा तळ बादलीतल्या पाण्यात टेकवायचा, गोल फिरवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. गाळाचे कण बहुतेक ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक असल्याने ते दुधासारखे खाली उतरतात. बोटाने दाबले तर मऊ अंगाचे कृमी जाळीवर किसले जातात आणि हाती नुसते तुकडे येतात, ज्यांतून डोके शोधून मोजणी करण्याखेरीज इलाज उरत नाही. पाणी खाडीचेच वापरावे, आणि तेही आधी त्याच चाळणीतून गाळून घ्यावे, नाहीतर बादलीतल्या पाण्यातले जीव नमुन्यात मिसळतात. नळाचे गोडे पाणी वापरल्यास खाऱ्या पाण्यातले कृमी फुगून निकामी होतात. हे आम्ही पहिल्या वर्षी करून बसलो आहोत.

आठ-दहा मिनिटांनी पाणी निवळले आणि जाळीवर जे उरले ते पाहायला सहा डोकी एकदम खाली वाकली. शिंपल्यांचे चुरे, तिवराच्या कुजक्या पानांच्या शिरा, चिखलाच्याच बनवलेल्या दोन-तीन पोकळ नळ्या, तिळाएवढ्या गोगलगायी, कडेकडेने आडवे पडून उड्या मारू पाहणारे ॲम्फिपॉड (झिंग्यांचे चिमुकले नातेवाईक), आणि मधोमध एक अखंड नेरीस. तो बोटाच्या दोन पेरांएवढा होता, हिरवट तांबूस, अंगावरून एकच तांबडी रक्तवाहिनी स्पष्ट दिसणारी. बशीत खाऱ्या पाण्यात सोडल्यावर त्याने अंग नागमोडी वळवले आणि एकाएकी घसा उलटा करून बाहेर काढला. त्याच्या टोकाला दोन काळे, विळ्यासारखे जबडे होते. बाटलीतल्या नेरीसचा घसा आत ओढलेला असतो, त्यामुळे हे जबडे मुलांनी आकृतीतच पाहिले होते. एक जण नकळत मागे सरकला. असा प्राणी अखंड जपायचा असेल तर फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वी मॅग्नेशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ ठेवावा, म्हणजे तो सैल पडतो आणि आकसून तुटत नाही.

जवळच दोन बायका कमरेला टोपली बांधून तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, वेचत होत्या, हातापायांनी चिखल चाचपत. त्यातल्या वयस्कर बाईंनी आमचा खटाटोप बराच वेळ पाहिला आणि शेवटी विचारले, ‘‘काय वो मास्तर, चिखल कशाला धुताव?’’ मी चाळणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ओल्या बोटाच्या टोकावर दोन-तीन कण उचलले, उजेडात धरले आणि म्हणाल्या, ‘‘ही तिसऱ्यांची पोरा हायत. परत सोडा.’’ ज्यांना आम्ही रेतीचे कण समजत होतो ती दोन मिलिमीटरची, दोन्ही झडपा घट्ट मिटलेली शिंपली होती. नंतर भिंगाखाली त्यांवरच्या वर्तुळाकार रेषाही दिसल्या. इतक्या लहान शिंपल्यांची नेमकी जात मला ठरवता आली नाही, आणि बाईंना ती कशी ओळखू आली हेही मी विचारायला हवे होते. मोजणी झाल्यावर शिंपली परत सोडली.

आता ६०० आणि ५०० मायक्रॉनमधला फरक. चिखलातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारे त्यांचे गट आकारावरून पाडतात. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर जे थांबतात ते मॅक्रोफॉना, त्यातून गळून ६३ मायक्रॉनच्या, काही ठिकाणी ४५ मायक्रॉनच्या, जाळीवर जे थांबतात ते मियोफॉना. हा भेद प्राण्यांनी केलेला नाही. तो चाळणीने केलेला आहे. तिसरीचे पोर आज मियोफॉनात असते आणि काही आठवड्यांनी मॅक्रोफॉनात येते. काही अभ्यासक एक मिलिमीटरची जाळी वापरतात, आणि मग त्यांचे आकडे अर्ध्या मिलिमीटरवाल्यांच्या आकड्यांशेजारी ठेवताच येत नाहीत. आम्ही स्थापत्य विभागाकडून १.१८ मिलिमीटरची चाळणी उसनी आणून ती वर आणि आमची खाली अशी उतरंड रचून पाहिली. वरच्या जाळीत शिंपले, मोठ्या गोगलगायी आणि तो नेरीस थांबला, म्हणजे बोटांवर मोजण्याइतके प्राणी. खालच्या जाळीत मात्र बारीक पॉलिकीट (नेरीसच्या गटातले कृमी), ॲम्फिपॉड आणि पोरवयाची शिंपली यांची गर्दी त्याच्या कितीतरी पट होती. जो चिखल एका चाळणीने ओसाड ठरतो तो दुसऱ्या चाळणीने भरलेला निघतो. म्हणूनच सहाशेची चाळणी स्वस्त आणि हाताशी असली तरी घेऊ नये. तिच्यावर मिळालेले आकडे कोणत्याच प्रचलित मापात बसत नाहीत.

पाचशेतूनही काही निसटतात. कॅपिटेला हा लाल धाग्यासारखा बारीक पॉलिकीट जिवंत असताना जाळीतून डोके घालून सरळ आरपार निघून जातो. मी तो अर्धा वर आणि अर्धा खाली अशा स्थितीत पाहिला आहे. सांडपाण्याने माखलेल्या, प्राणवायू संपत आलेल्या चिखलात इतर प्राणी हटले की हा वाढतो, त्यामुळे प्रदूषण ओळखण्यासाठी तोच मोजायचा असतो, आणि तोच निसटतो. त्यावर उपाय म्हणजे नमुना आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग रोळणे, आणि रोझ बेंगॉल हा रंग घालणे, ज्याने प्राण्यांची अंगे गुलाबी होऊन काडीकचऱ्यात उठून दिसतात. परंतु त्यात जिवंत काही पाहायला मिळत नाही, आणि फॉर्मॅलिन मुलांच्या हाती देणेही मला पसंत नाही. आम्ही निम्मे नमुने तिथेच जिवंत रोळतो आणि निम्मे प्रयोगशाळेत, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून.

चाळणीचा पहिला दोष तिथल्या चिखलानेच दाखवला. वरचे काही मिलिमीटर सोडले तर खाडीच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही. त्याखाली जे जीवाणू असतात ते समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चिखल काळा दिसतो तो लोहाच्या सल्फाइडमुळे, आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो तो या वायूमुळे. नळीतला चिखल उभा कापून पाहिला तर त्या काळ्या भागात कृमींच्या बिळांभोवती मात्र गंजाच्या रंगाची पातळ कडी दिसते. बिळात प्राणी पाणी खेळवतो, त्याबरोबर प्राणवायू आत जातो, आणि तेवढ्यापुरते लोह गंजते. आमच्या चाळणीची चकचकीत पितळी कड पहिल्या सकाळीच काळवंडली. पितळेतल्या तांब्याला हाच वायू लागला होता. दुसऱ्या सहलीनंतर मिठाने तिच्यावर हिरवी पुटे धरली. चिंच लावून घासली की ती निघतात, पण दुखणे दिसण्यापुरते नव्हते. पोलादी जाळी, पितळी कड, मधे डाख आणि वर मिठाचे पाणी, हा संयोग धातू झिजवण्यासाठी मुद्दाम जुळवल्यासारखा आहे. तिसऱ्या सहलीत बादलीच्या तळाशी एक गोगलगाय सापडली, जी जाळीतून जाणे शक्यच नव्हते. चाळणी उजेडात धरली तेव्हा कडेला बोटभर लांबीचा डाख सुटलेला दिसला. त्या दिवशीचे सगळे नमुने बाद करावे लागले.

दुकानात गेलो तर ‘‘मिठाच्या पाण्यात वापरली ना सर? मग त्याला गॅरंटी नाही,’’ हे उत्तर मिळाले. घेताना मी काम काय आहे ते सविस्तर सांगितले होते, पितळेऐवजी पूर्ण पोलादी कड चालेल का असेही विचारले होते, आणि ‘‘एकच आहे’’ असा निर्वाळा तेव्हा मिळाला होता. एकच नाही. पैसे परत मागितले नाहीत, पण निदान डाख नव्याने लावून मिळावा ही अपेक्षा गैरवाजवी नव्हती. शेवटी भांडी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने साठ रुपयांत तो लावून दिला. त्यात जाळीची बोटभर पट्टी बुजली, पण फट उरली नाही.

दुसरा दोष आकाराचा. आठ इंची चाळणी एका नळीच्या नमुन्याला पुरते. पंचवीस सेंटिमीटरच्या चौकटीतला पंधरा सेंटिमीटर खोल चिखल काढला तर तो नऊ लिटरांच्या वर भरतो, आणि तो या चाळणीतून मूठमूठ रोळेपर्यंत भरतीचे पाणी पोटऱ्यांना लागते. चौकटीचे काम करायचे असेल त्याने बारा इंची घ्यावी किंवा लाकडी चौकटीवर तशीच जाळी ठोकून घ्यावी.

ही चाळणी वर्षभर पडून राहू नये म्हणून उन्हाळ्यात ती आम्ही उजनीला नेतो. उजनी काही खाडी नव्हे. भीमेवरच्या धरणाचे ते गोडे पाणी. पण पाणी ओसरत जाते तसे काठाला चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, आणि त्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. तिथे रोळल्यावर नेरीस नसतो, ॲम्फिपॉड नसतात, तिसऱ्या अर्थातच नसतात. असतात त्या टोकदार शंखांच्या मेलॅनॉइडिस गोगलगायी, ट्युबिफेक्स कृमी आणि कायरोनोमस माशीच्या रक्तासारख्या लाल अळ्या. भाट्याचा कॅपिटेला लाल आणि उजनीची अळीही लाल, हे मुलांच्या लक्षात आपणहून आले. दोघांच्याही अंगात हिमोग्लोबिन असते, आणि दोघांनाही प्राणवायूच्या टंचाईत राहायचे असते.

चाळणी पाहून रोहितांची गोष्ट सांगणेही सोपे जाते, कारण त्यांची चोच ही चाळणीच आहे. डोके उलटे करून, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत ते चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांतून अन्न गाळून घेतात. उजनीवर येणाऱ्या मोठ्या रोहिताच्या चोचीतली जाळी जाडी, त्यामुळे त्याला अळ्या आणि गोगलगायी मिळतात. लहान रोहिताची जाळी फार बारीक, तो मुख्यतः सूक्ष्म शेवाळे आणि डायटम गाळतो. ठाण्याच्या खाडीत, जिथे २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि जी २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, तिथे या लहान रोहितांचे थवे येतात. एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, मग मोठा रोहित किती मायक्रॉनचा?’’ मी आकडा न सांगता त्यालाच ग्रंथालयात पाठवले आहे.

वापरून झाल्यावर चाळणी गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी, उलटी धरून मागच्या बाजूने पाण्याची धार सोडावी, अडकलेले तंतू दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावेत, तारेचा ब्रश कधीही लावू नये, आणि सावलीत उभी वाळवावी. आपल्याकडच्या जड पाण्याने जाळीवर पांढरे डाग पडतात, ते व्हिनेगरने निघतात. दरवेळी नेण्यापूर्वी ती खिडकीसमोर धरून कड गोल फिरवून पाहावी. जाळी स्वतः तीन वर्षांनंतरही घट्ट आहे; परवा त्या विद्यार्थिनीने पुन्हा भिंग ठेवले तेव्हा तारा बत्तीसच भरल्या. जाळीला मी पैकीच्या पैकी गुण देईन, जोडाला काहीच नाही. येत्या हिवाळ्यासाठी दुसऱ्या दुकानात संपूर्ण पोलादी कडेची पाचशेची मागणी नोंदवली आहे, बारा इंची. जुनी उजनीसाठी ठेवली आहे, तिथे मीठ नाही.